केशोरीत भात बंद

मुर्री,
१८ फेब्रुवारी २०१८

चि. रंजिता,
सप्रेम जयभीम.

फोन सोडून पत्र लिहून राहिलो, याचं नवल करू नको. फोनवर दोन मिनिटं झाली की तुझा आवाज खाली बसतो, आणि मग तुझी आई, आमची बाई, तुझ्या हातून फोन ओढून माझ्यावर ओरडते, "बोलवू नको तिले, दमते ते." एकोणतीस वर्षांची पोरगी बोलून दमते! तर हे पत्र पडून वाच, तुकड्या-तुकड्यानं वाच, पण पूर्ण वाच.

चिकनगुनियाचा ताप उतरून दीड वर्ष झालं. रक्त चोख, थायरॉइड चोख, एक्स-रेचा फोटोही चोख. नागपूरच्या डॉक्टरांनी कागदावर 'क्रॉनिक फटिग' लिहिलं आणि विश्रांती सांगितली. विश्रांतीच तर चालू आहे! मी डॉक्टर नाही. केशोरीहून निघालो तेव्हा राइस मिलमध्ये पोती उचलणारा हमाल होतो, आणि आज मशीनला हात न लावता नुसत्या आवाजावर कोणतं बेअरिंग गेलं ते सांगतो. मला एवढंच कळतं की सगळे पार्ट चांगले आणि तरी मशीन ओढत नाही, तर इंधन पाहावं.

परवा छोटेलाल सेठच्या मिलवर पट्टा बदलत होतो. सेठ समोर बसून उकडलेली अंडी खात होते. मी म्हणालो, "सेठ, डब्यात भात नाही?" तर म्हणतात, "रत्नपाल भाई, चावल बेचता हूँ, खाता नहीं." राइस मिलचा मालक, आणि चार महिन्यांपासून भाताचा दाणा तोंडात नाही! याला किटो म्हणतात. भात, पोळी, साखर, बटाटा सगळं बंद. तूप, अंडी, मासळी, कोंबडी, पालेभाजी. शरीर मग चरबी जाळून चालते. सेठचं पोट गेलं ते जाऊ द्या, पण म्हणाले, "दिमाग खुल गया." तुझी अर्धी तक्रार तर तीच ना, की डोक्यात धुकं भरलेलं असतं?

मी तुझ्या डॉक्टरांना विचारलं. म्हणाले, या आजारात फायदा होईलच असं सांगता येत नाही. रक्त तपासत राहा आणि करून पाहा. तिथल्या आहारवाल्या मॅडमकडून तक्ता लिहून आणला, सोबत जोडला आहे. पट्ट्यांची डबीही आहे. लघवीत बुडवली की पट्टी जांभळी झाली पाहिजे. जांभळी म्हणजे गाडी नव्या इंधनावर आली.

२६ जूनला शाळा उघडते. त्या दिवशी हजर नाही तर जागा दुसऱ्याला, असा कागद संस्थेनं तुला दिलाच आहे. आपल्या घराण्यातली पहिली मास्तरीण तू. चार महिने हातात आहेत. उद्यापासून लाग.

तुझा मामा
रत्नपाल

केशोरी,
५ ते ९ मार्च

मामाजींना जयभीम.

वर पाच तारखा आहेत, कारण रोज सहा-सात ओळींच्या पुढे अक्षर घसरतं.

भात बंद होऊन बारा दिवस झाले. पहिल्या दिवशी आई ताटासमोर बसून रडली. "घरात कोनी मेलं का? कोठीत धान आहे, अन् पोट्टी उपाशी!" मी म्हणाले, तीन अंडी खाल्ली, उपाशी कशी? तर म्हणते, "अंडं म्हनजे जेवन होय का?" शेजारची शामकलाकाकू रोज विचारते, "जेवली का?" मी हो म्हटलं की आई आतून ओरडते, "खोटं बोलते, नाई जेवली." मासळी, कोंबडी, पालक सगळं खाऊनही या गावात मी बारा दिवसांची उपाशी आहे.

डोकं ठणकतं. पायात गोळे येतात. मॅडमच्या तक्त्यात लिहिलंय, अशा वेळी मिठाचं पाणी प्या. पिते.

पट्टी रोज बुडवते. बदामी असते, बदामीच राहते. माझ्या आजाराची कोणतीच तपासणी कधी काही दाखवत नाही, तशीच हीसुद्धा.

खाट ते मोरी बावीस पावलं. काल दोनदाच गेले, तरी दुपारी पडून होते. हे तुम्हाला आळशीपणाचं वाटतं, मला माहीत आहे. तुम्ही तोंडानं म्हणत नाही, एवढंच.

रंजिता

मुर्री,
१४ मार्च

चि. रंजिता,
जयभीम.

आळशी मी म्हणालो नाही. मनात आलं असेल, तर मनावर माझा ताबा नाही, जिभेवर आहे. पण बारा दिवस भात नाही आणि पट्टी बदामी, हे होऊच शकत नाही. छोटेलाल सेठची चौथ्या दिवशी जांभळी झाली होती. कुठून तरी गळती आहे.

मला बाईवर शंका आहे. लहानपणी मला ताप असताना डॉक्टरनं खाऊ नको म्हटलं, तर बाईनं पदराखाली मुरमुरे आणून दिले होते. ती अशीच आहे. लाडू, गूळ, चहातली साखर, सगळं तपास.

तीन दिवस पोटात जे जाईल ते लिही. गोळीसुद्धा. पाणी पिशील तर पाणीही लिही. तुला त्रास होईल, पण लिही. मी वाचून गळती शोधतो. याच कामाचे लोक मला पैसे देतात.

मामा

केशोरी,
२२ मार्च

मामाजी, जयभीम.

आईवर शंका घेतली म्हणून ती तुमच्यावर चिडली आहे. साखर नाही, गूळ नाही. घ्या तुमची यादी. तिन्ही दिवस जवळपास सारखेच.

सकाळी बिनसाखरेचा काळा चहा, तूप घालून. भयंकर लागतो. दोन अंडी. दहा वाजता मिठाचं पाणी एक गिलास. दुपारी तळ्याची मासळी, करडईची भाजी, जवसाची चटणी. चार वाजता मिठाचं पाणी एक गिलास. संध्याकाळी कोंबडी किंवा पुन्हा अंडी, तूप. झोपताना मिठाचं पाणी एक गिलास. साध्या पाण्यानं मळमळतं म्हणून आई ते मिठाचं पाणी पेजेतच करून देते, कोमट. त्याच्यानंच जरा बरं वाटतं.

आता सांगा कुठे गळती आहे. मला तर अंड्याकडे पाहवत नाही. आई म्हणते, कोंबडीलेही आता लाज वाटत असन.

रंजिता

मुर्री,
२६ मार्च

रंजिता,

पेज!

भात शिजला की वरचं जे पांढरं पाणी काढतात, ते तू दिवसाला तीन गिलास पिऊन राहिली, आणि मी इकडे बाईच्या पदराखाली लाडू शोधून राहिलो. भाताचं सत्त्वच त्यात! पत्र वाचून मी दुकानात एकटा हसलो, मग कपाळावर हात मारला. बाईला दोष देत नाही. आपल्याकडे पेज म्हणजे पाणीच. मीही धानाच्या रोवणीला गेलो की दिवसभर पेज प्यायचो आणि घरी येऊन म्हणायचो, सकाळपासून पोटात काही नाही.

आजपासून बंद. साध्या पाण्यात मीठ.

मामा

केशोरी,
१० एप्रिल

मामाजींना सविनय जयभीम.

तुम्ही हसलात. मी दोन दिवस रडले.

मी सातवीला विज्ञान शिकवते. दरवर्षी घरून पेज नेते, बशीत ओतते, त्यात आयोडीनचा थेंब टाकते, ती काळीनिळी होते आणि पोरं ओरडतात. मी विचारते, काय आहे यात? सगळी पोरं म्हणतात, पिष्ट! तीच पेज मी महिनाभर प्याले, यादीत स्वतःच्या हातानं लिहिली, आणि माझ्या डोक्यात काहीच पेटलं नाही. पाय चालत नाहीत त्याची मला आता सवय आहे. पण हे? हे डोकं घेऊन मी जूनमध्ये फळ्यासमोर कशी उभी राहू?

आता चांगली बातमी. पाचव्या दिवशी पट्टी जांभळी झाली. आणि मामाजी, गेल्या सहा दिवसांपासून सकाळी दोनेक तास डोक्यातलं धुकं थोडं विरळ असतं. परवा पुस्तकाची अकरा पानं वाचली आणि पहिल्या पानावर काय होतं ते अकराव्या पानावर आठवत होतं. हे पत्र एका बैठकीत लिहिलं.

पाय मात्र तसेच. हे नीट वाचा. जरा जास्त केलं की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी आपटते, ते बदललेलं नाही.

जयंतीला येताय ना? आई पेजेची गोष्ट विसरली आहे, तुम्ही काढू नका.

रंजिता

केशोरी
२ मे

रत्नपाल, जयभीम.

मले जेवढं लिवता येते तेवढं लिवून राहिली. हसू नको.

तू जयंतीले आला. गाडी घेऊन आला, नवं लुगडं आनलं. पोट्टी खुश दिसली त तिले मिरवनुकीत चालवत नेलं चौकापर्यंत. मंग म्हने शाळेपर्यंत जाऊन पाहू. मी म्हटलं नको. तू म्हटलं, बाई तू चूप राय, मसीन दुरुस्त झाली त लोड देऊन पाहा लागते.

तू गेला अन् तिसऱ्या दिवशी पोट्टी पडली. आज पंधरा दिस झाले. उजेड सहन होत नाई म्हनून खिडकीले चादर बांधली. मोरीपर्यंत धरून नेतो आमी दोघी, मी अन् शामकला. बोलत नाई, बोटानं सांगते. दवाखान्यात नेलं त डॉक्टर म्हनते रिपोर्ट चांगला आहे. चांगला रिपोर्ट खाटेवर पडला आहे.

तुजी मसीन गरम झाली त तू बंद करतेस ना? मंग माज्या पोरीले काऊन चालवत राहिला?

भात बंद केला, मी आयकलं. पेज बंद केली, तेही आयकलं. आता तुजं येनं बंद.

कुसुम

मुर्री,
८ मे

बाईस जयभीम.

तुझं पत्र मिळालं. तू लिहिलेलं हे पहिलं पत्र, आणि ते शिव्या द्यायला! असू दे, तुझा हक्क आहे.

पण माझंही ऐक. मी तिला ओढत नेलं नाही. मी विचारलं, "जमेल?" ती "हो" म्हणाली. चालताना हसत होती, तिच्या शाळेतल्या पोरी हात धरून होत्या. शाळेच्या फाटकाला हात लावून म्हणाली, "मामाजी, पोहोचले!" हे तू पाहिलं नाही, मी पाहिलं. तीन महिने मी नागपूरच्या खेपा घातल्या, तक्ता आणला, पट्ट्या आणल्या, तूप पाठवलं. आणि मीच तिला पाडलं?

काही उपाय केला तर मामा कसाई, नाही केला तर मामा शहरात जाऊन विसरला. मी काय करावं ते तूच सांग.

तिच्या कानाशी हळू आवाजात सांग, मामानं विचारलं म्हणून.

रत्नपाल

केशोरी,
१७ ते २८ मे

मामाजींना जयभीम.

या पत्राला बारा दिवस लागले. म्हणून उत्तर देताना घाई करू नका.

आईनं मला तुमचं पत्र वाचून दाखवलं. तुम्ही खरं लिहिलं. मी हो म्हणाले होते. मलाही शाळेचं फाटक पाहायचं होतं. त्या दिवसाचा दोष एकट्या तुमचा नाही.

पण दुसरी एक गोष्ट आहे, ती तुमची आहे.

मी तुमच्यापासून एक लपवलं होतं. तुमचं किटोचं पत्र यायच्या आधी, जानेवारीतच मी संस्थेला अर्ज केला होता. पूर्ण वेळ जमणार नाही. एक दिवसाआड दोन तास द्या, खुर्चीवर बसून शिकवायची परवानगी द्या, पगार त्या मानानं द्या. तुम्हाला सांगितलं नाही, कारण तुम्ही म्हणाला असता, आपण भीक मागत नाही. सचिव केशोरावजी मार्चमध्ये म्हणाले होते, पाहू, विचार करू.

त्यांचा जबाब २० तारखेला आला. आईनं वाचला, मग मी वाचला. अर्ज नामंजूर. कारण असं लिहिलंय: "आपण १४ एप्रिल रोजी मिरवणुकीत पायी सहभागी झालात व आपले मामा श्री. रत्नपाल यांनी आपण पूर्ण बऱ्या असून २६ जूनपासून नियमित हजर राहाल, असे समक्ष सांगितले आहे."

समक्ष सांगितलं! कधी? मी पोरींसोबत फाटकाशी उभी होते तेव्हा?

दीड वर्ष मी एकेका माणसाला सांगते आहे की मी आजारी आहे, दिसत नसले तरी. कोणी मानत नाही. केशोरावजी अर्धे मानले होते. तुम्ही एका वाक्यात ते पुसलं. ते तुम्ही आनंदानं केलं, हेच मला गिळवत नाही. वाईटपणे केलं असतं तर भांडता तरी आलं असतं.

उभ्यानं पूर्ण दिवस मी एकदाच काढू शकेन. पहिल्याच दिवशी. मग जागाही जाईल आणि मीही.

रंजिता

मुर्री,
१० जून

चि. रंजिता,
जयभीम.

पत्र आलं त्या दिवशी दोन मिलची कामं होती. गेलो नाही. तुझं पत्र चार वेळा वाचलं.

हो, सांगितलं. तू फाटकाला हात लावलास तेव्हा केशोरावजी मागेच उभे होते. मी त्यांच्या खांद्यावर हात टाकून म्हणालो, "बघा, आमची मास्तरीण ठणठणीत. २६ ला येते. शब्द माझा." तुला सांगितलं नाही, कारण मला वाटलं तू आपसूकच जाशील आणि मग सांगायची गरजच पडणार नाही.

चार तारखेला तुझ्या डॉक्टरांकडे गेलो. या वेळी मी बोललो नाही, तुझी पत्रं टेबलावर ठेवली. त्यांनी वाचली. म्हणाले, "रत्नपालजी, तिनं सगळं लिहिलेलंच आहे. मेहनत केल्यावर दोन दिवसांनी कोसळणं, हाच हा आजार." मी विचारलं, मग किटो? म्हणाले, "डोक्याला थोडा फायदा वाटत असेल तर चालू ठेवा. पण ते पायांचं औषध आहे असं मी म्हणालो होतो का?" म्हणाले नव्हते. मी ऐकलं होतं तेवढंच, जेवढं मला पाहिजे होतं. त्यांनी लेखी दिलं: उभं राहणं टाळावं, कामाचे तास थोडे, मध्ये पूर्ण विश्रांतीचा दिवस.

काल तो कागद घेऊन केशोरीला आलो. घरी आलो नाही, बाईनं बंदी घातली आहे. संस्थेच्या खोलीत गेलो. केशोरावजी, मुख्याध्यापक आणि तिघे-चौघे बसले होते. मी म्हणालो, एप्रिलमध्ये मी जे बोललो ते परत घ्यायला आलो.

केशोरावजी म्हणाले, "म्हणजे खोटं बोलले होते?"

"खोटं नाही. एक दिवस पाहिला आणि वर्षाचं सांगितलं."

"तुम्ही तर शब्दाचे पक्के माणूस."

"शब्द माझा होता, पाय तिचे होते. ते मी द्यायला नको होते."

एक जण हसला. म्हणाला, "मामा-भाचीचं आधी ठरवून घ्या. पोरगी चालते तर आजारी कशी, अन् आजारी तर चालते कशी?" माझ्या तोंडाशी शिवी आली होती. पण बेटा, हाच सवाल मी दीड वर्ष मनात धरून होतो. त्याला काय शिवी देऊ?

केशोरावजींनी कोरा कागद सरकवला. लिहून द्या म्हणाले. मी लिहिलं: भाचीच्या प्रकृतीची मला माहिती नव्हती, तरी मी खात्री दिली, ती चूक होती. कारकुनानं सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचलं. चाळीस वर्षांत मिलवाल्यांनी माझं काम नाकारलं, मजुरी कापली, पण 'मला माहिती नव्हती' असं मी कोणाला लिहून दिलं नव्हतं.

मग त्यांनी तुझा जुना अर्ज काढायला लावला. दिवाळीपर्यंत, एक दिवसाआड दोन तास, खुर्चीवर. पगार त्या हिशेबानं. दिवाळीनंतर पुन्हा पाहतील. मी "पूर्ण वर्ष द्या" म्हणणार होतो, तोंड उघडलंही होतं. मग आठवलं की हा अर्ज तुझा आहे. तुला मंजूर असेल तर तूच कळव. मी हो म्हणालो नाही, नाहीही म्हणालो नाही.

बाईला सांग, मी संस्थेतूनच परत गेलो.

मामा

केशोरी,
६ जुलै, शुक्रवार

मामाजींना जयभीम.

मी हो कळवलं.

२६ ला गेले. आईनं ऑटो सांगितला होता. सातवीचा वर्ग, दोन तास, खुर्ची. पहिल्या तासाला एक शब्द सापडेना, पोरांनी सांगितला. दुसऱ्या तासाला एका पोरीनं विचारलं, "मॅडम, तुम्ही म्हाताऱ्या झाल्या का?" मी म्हणाले, थोडी. बुधवारी दिवसभर पडून होते. गुरुवारी गेले. शनिवारी नाही जमलं, घरीच राहिले, आणि केशोरावजींचा शिपाई विचारायला आला. असं चालणार आहे. दिवाळीपर्यंत जागा राहील की नाही, मला माहीत नाही.

किटो सोडलेलं नाही. त्यानं पाय दिले नाहीत. सकाळचे दोन तास दिले, कदाचित. मी तेच शाळेला देते. अंड्यांचा वैताग आहे, चहातल्या तुपाचा जास्त. शामकलाकाकूनं आता विचारणं सोडलं आहे, तिच्या लेखी मी कायमची उपाशी.

तुम्ही त्या खोलीत काय लिहून दिलं, ते शिपायाकडून गावभर झालं. आईनं ते मला दोनदा सांगायला लावलं. मग म्हणाली, "त्याले सांग, येत जा म्हना. पन गाडी दूरच ठेव म्हना."

तर या. फक्त 'सुधारली का' असं विचारू नका. 'आज कशी आहे' विचारा, त्याचं उत्तर माझ्याकडे असतं.

अजून लिहायचं बरंच आहे, आणि हात अजून चालतो आहे. पण इथेच थांबते. उद्या शनिवार, मला शाळा आहे.

रंजिता